डबा एकाचा, कप दुसऱ्याचा! जपानी सिरॅमिक्स आणि हाताने केलेले दागिने जमवताना काय बघता?

निळीशाई:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीय, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं तोक्योत आहोत. मागच्या मे महिन्यातल्या सुट्ट्यांत एका मैत्रिणीने ओढून माशिकोच्या (तोक्योच्या उत्तरेला असलेलं कुंभारांचं गाव) भांड्यांच्या जत्रेला नेलं, आकिहाबाराहून थेट बस जाते. मी आपली नुसतं बघून येईन म्हणून गेले आणि येताना पाठीवरची सॅक उघडायची भीती वाटेल इतकं घेऊन आले. शेकडो तंबू, प्रत्येक तंबूत भांडं करणारा माणूस स्वतः बसलेला, माती कुठली, भट्टी कसली, काहीही विचारा, सांगतो. तिथे २,५०० येनला एक युनोमी घेतला (रोजच्या चहाचा उभट कप, कान नसलेला) आणि तो हातात इतका बसला की आता ऑफिसमधला मग नकोसा झालाय.

तेव्हापासून घरात चौदा वस्तू जमल्यात. आता दोन घोळ सांगते.

पहिला घोळ. ऑनलाइन लिलावात एक बिझेनचा (पश्चिम जपानातलं भांड्यांसाठी प्रसिद्ध ठिकाण) गुइनोमी (साके प्यायचा छोटा कप) २८,००० येनला घेतला, सहीच्या लाकडी डब्यासकट. फोटोत सगळं झकास. घरी आल्यावर ऑफिसातल्या एका ज्येष्ठ बाईंना दाखवला, त्यांनी झाकणावरचं वाचलं आणि म्हणाल्या, यावर हिदासुकी लिहिलंय, म्हणजे लाल रेघा हव्यात, या कपावर तर एकही नाही. मग बुडाखालचा शिक्का बघितला, तो डब्यावरच्या शिक्क्याशी जुळत नाही. शिवाय कप डब्यात खुळखुळतो, हे खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. विकणाऱ्याला लिहिलं तर त्याने वर्णनातली ओळ दाखवली, नो क्लेम नो रिटर्न.

दुसरा घोळ पूर्ण माझा. एका लहानशा प्रदर्शनात शाकुदोचा ब्रोच घेतला होता, काळा, उजेडात किंचित जांभळा दिसणारा, त्यावर चांदीची एवढीशी चंद्रकोर. चंद्रकोर काळवंडली असं वाटलं म्हणून चांदी पुसायच्या कापडाने पुसला, अख्खा, जोर लावून. आता मधोमध तांब्यासारखा गुलाबी चट्टा पडलाय. बघवत नाही.

तर डबा किती महत्त्वाचा मानायचा, काहीजण म्हणतात डब्याशिवाय काही घेऊच नका, काहीजण म्हणतात डबा खाऊ का, आणि एखाद्या कारागिराला लिव्हिंग नॅशनल ट्रेझर (सरकारी किताब) म्हणतात म्हणून जास्त पैसे मोजायचे का, आणि ब्रोचचं काय करू. आणि हो, जमवलेलं वापरायचं की कपाटात ठेवायचं, यावर घरात रोज वाद आहे.

----

भट्टीकर:

निळीशाई, वाईट वाटून घेऊ नका, ही फी आहे. मी यापेक्षा जास्त भरलीय, आकडा बायकोलाही माहीत नाही.

डब्याचं नीट सांगतो कारण इथेच सगळे पडतात. त्याला तोमोबाको म्हणतात, भांड्याच्या सोबतचा डबा. किरीच्या लाकडाचा असतो, वजनाला हलका. झाकणावर कारागीर स्वतः ब्रशने वस्तूचं नाव लिहितो, सही करतो, खाली लाल शिक्का. आत बहुतेक वेळा शिक्का मारलेलं फडकं आणि कारागिराची माहिती असलेला कागद. पिवळं फडकं दिसलं तर ते हळदीत रंगवलेलं, कीड लागू नये म्हणून ही जुनी पद्धत, आपल्याला पटायला वेळ लागत नाही.

आता डब्याला एवढं वजन का, तर कितीतरी कारागीर भांड्यावर सही करतच नव्हते. हमादा शोजी घ्या, माशिकोला आज जे नाव आहे ते त्याच्यामुळे, १९२४ मध्ये तो तिथे गेला आणि तिथलाच झाला. त्याच्या माशिकोतल्या भांड्यांवर सही-शिक्का नाही, सही असते ती डब्यावर. क्योतोचा कावाई कांजिरो, तोही पुढे पुढे सही करेनासा झाला. म्हणजे अशा माणसाचं भांडं डब्यापासून सुटलं की ते कुणाचं हे सांगायला नुसते जाणकाराचे डोळे उरतात, आणि त्या डोळ्यांवरही दोन जाणकारांचं एकमत होत नाही. कारागीर गेल्यावर मुलगा किंवा घराण्याचा वारस भांडं बघून डब्यावर लिहून देतो, त्याला शिकीबाको म्हणतात, बाजारात तोही चालतो पण मूळ डब्याच्या एक पायरी खाली. आणि तुमच्या वाट्याला आला तो आवासेबाको, म्हणजे दुसरीकडून आणून जुळवलेला. दरवेळी लबाडीच असते असं नाही हं, पुष्कळदा घर आवरताना कुणीतरी दहा कप आणि दहा डबे आपापल्या अंदाजाने भरलेले असतात. पण २८,००० मोजणाऱ्याला त्याचा काय दिलासा.

बिझेनमध्ये तर झाकणावरचे शब्द पुराव्यासारखे वाचायचे. बिझेनला ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) नसतं. माती भातशेतांच्या खालून काढलेली, जळण लाल पाइनचं, भट्टी आठवडा-दोन आठवडे पेटती. रंग येतो तो भांडं भट्टीत कुठे ठेवलं त्यावरून. भाताचा पेंढा गुंडाळला तर जिथे पेंढा तिथे लाल रेघ, ती हिदासुकी. उडती राख बसून वितळली तर तिळासारखे ठिपके, त्याला तीळच म्हणतात, गोमा. निखाऱ्यात अर्धवट गाडलं गेलं तर राखाडी-निळसर, ते सांगिरी. तुमचा कप वर्णनावरून सांगिरी वाटतोय, म्हणजे कप बिझेनचाच असेलही, फक्त या डब्याचा नाही. आणि आणखी एक, हिदासुकी इलेक्ट्रिक भट्टीतही छान येते. त्यात वाईट काही नाही, पण लाकडाच्या भट्टीची किंमत सांगत असतील तर विचारा. नीट माणूस सरळ सांगतो.

पुढच्या वेळी लिलावात बोली लावण्याआधी तीन फोटो मागा, बुडाचा शिक्का, झाकणावरचा शिक्का आणि डब्यात ठेवलेलं भांडं वरून. देत नसेल तर पुढे चला. त्याहून बरं, लिलाव वर्षभर बंद करा आणि कोतेनना जा, एकट्या कारागिराची प्रदर्शनं. कारागीर स्वतः हजर असणार ते दिवस आधी जाहीर करतात, त्याच दिवशी जायचं. हातात घ्यायला आधी विचारायचं, अंगठ्या-घड्याळ काढून ठेवायचं, दोन्ही हातांनी आणि टेबलाच्या अगदी जवळ धरायचं. मग उलटं करून बूड बघायचं. वरचा भाग सगळेच मन लावून करतात, बूड कसं कापलंय त्यात माणूस कळतो.

----

टवका:

भट्टीकरांचं सगळं मान्य, पण मला नेहमी वाटतं या डब्याच्या नादात लोक डबेच जमवायला लागतात. माझ्या ओळखीत एकाकडे चाळीस चावान आहेत (चहाचे मोठे वाडगे), चाळीसही डब्यात, त्यातल्या एकातही त्याने चहा प्यायलेला नाही. विचारलं तर म्हणतो किंमत कमी होईल. अरे बाबा कुणासाठी.

निळीशाई, वापरा. मातीचं सच्छिद्र भांडं असेल तर पहिल्यांदा पाण्यात बुडवून ठेवायचं, काहीजण तांदूळ धुतलेल्या पाण्यात मंद उकळून घेतात म्हणजे बारीक छिद्रं बुजतात. हागीची (हेही भांड्यांसाठी प्रसिद्ध गाव) भांडी तर वापरल्यावरच पुरी होतात, ग्लेझमधल्या केसासारख्या चिरांत चहा मुरत जातो आणि रंग बदलतो, ते लोक त्याला हागीची सात रूपं म्हणतात. कपाटातल्या हागीला एकच रूप.

फक्त एक चूक करू नका जी मी केली. धुतलं, पुसलं, कोरडं दिसलं म्हणून त्याच रात्री डब्यात भरलं. पावसाळ्यानंतर उघडलं तर आत बुरशी, आणि वास असा की तो वाडगा महिनाभर बाल्कनीत ठेवावा लागला. माती वरून कोरडी दिसते, आतून नसते. दोन-चार दिवस उघडं ठेवायचं. मायक्रोवेव्ह नाही, डिशवॉशर तर नावही काढू नका.

फुटलं तर किंत्सुगी आहे (तुकडे लाखेने जोडून सांध्यांवर सोनं लावायचं). पण खऱ्या लाखेचं करणारा शोधा, उरुशी. महिने लागतात. इपॉक्सीवर सोनेरी पावडर मारून दोन दिवसांत देणारे खूप झालेत, ते शोभेला ठीक, त्यातून काही पिऊ नका.

----

सोनारकी:

अहो थांबा, त्या ब्रोचला आता कुठलंही कापड, पेस्ट, टूथपेस्ट, चिंच काहीही लावू नका! आहे तसा कागदात गुंडाळून ठेवा.

तुम्ही जे पुसलं तो मळ नव्हता, तोच रंग होता. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं सोनं, साधारण ३ ते ५ टक्के. घडवतात तेव्हा ते तांब्यासारखंच दिसतं. काळा-जांभळा रंग नंतर आणतात, तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात उकळून, त्या द्रावणातला मुख्य घटक रोकुशो. उकळण्याआधी धातू अगदी स्वच्छ करून त्याला मुळ्याचा कीस चोळतात, हो हो आपला पांढरा मुळाच, म्हणजे रंग डाग न पडता सारखा चढतो. या सगळ्यातून जो थर बसतो तो अतिशय पातळ असतो. तुम्ही जोर लावून पुसलात म्हणताय, म्हणजे गेलाच.

चांगली बातमी ही की परत येतो. ज्याच्याकडून घेतला त्यालाच सरळ लिहा, लाजू नका, काय केलं ते खरं सांगा कारण कुठलं पॉलिश वापरलं त्यावर साफ कसं करायचं ते ठरतं. पूर्ण तुकडा पुन्हा साफ करून पुन्हा उकळावा लागेल, नुसता चट्टा भरता येत नाही. घरी करू नका, ते द्रावण विषारी आहे.

मुळात हे धातू आले तलवारींच्या कामातून. मूठ, पाती अडवणारी चकती, छोट्या कड्या, असल्या वस्तूंवर हे लोक पिढ्यान्‌पिढ्या काम करायचे. १८७६ मध्ये तलवार घेऊन फिरायला बंदी झाली आणि एका फटक्यात गिऱ्हाईक गेलं, मग हेच हात फुलदाण्या, डब्या, दागिने यांकडे वळले. गंमत म्हणजे त्याआधी शेकडो वर्षं जपानात गळ्यात-कानात-बोटात घालायची पद्धत जवळजवळ नव्हती, हौस सगळी केसांतल्या आकड्यांवर, कमरेला लटकवायच्या वस्तूंवर. आपल्यासारख्या कानापासून पायाच्या बोटापर्यंत काही ना काही घालणाऱ्यांना हे चमत्कारिकच वाटतं.

घेताना काय बघायचं तर K18, SV925 असले शिक्के सोन्या-चांदीवर असतात, शाकुदो आणि शिबुइचीवर ते शोधू नका. शिबुइची म्हणजेच चारातला एक भाग, एक भाग चांदी आणि बाकी तांबं, रंग राखाडी. वितळवून पैसे येतील हा हिशोब इथे सोडायचा, दाम आहे ते हाताचे. हिरामात्सु यासुकी म्हणून होते, तोक्योच्या कला विद्यापीठात शिकवायचे, २०१२ मध्ये गेले. ते सोन्याचा पातळ पत्रा कागदासारखा चुरगाळून ब्रोच करायचे, बघताना वाटतं हातात घेतला तर चुरचुर आवाज येईल. त्यात सोनं किती हे विचारणं म्हणजे गाणाऱ्याला विचारणं की श्वास किती खर्च झाला.

ब्रोच असेल तर मागची पिन उघडून-मिटून बघा. समोर अप्रतिम आणि मागे बाजारातली स्वस्त पिन चिकटवलेली असेल तर मी घेत नाही, तो राग माझा वैयक्तिक समजा. मोकुमे-गानेची अंगठी घ्यायचा विचार असेल (धातूंचे थर जोडून लाकडाच्या रेषांसारखी नक्षी, सतराव्या शतकात आकिताच्या एका तलवार-कारागिराने काढली असं मानतात) तर बोटाचं माप पक्कं करून घ्या, नंतर कापून लहान-मोठी केली की नक्षी तुटते. थरात तांबं किंवा चांदी असेल तर गंधकाच्या ओन्सेनमध्ये (गरम पाण्याच्या झऱ्यात) अंगठी काढून जा. मी एकदा विसरले, बाहेर आले तेव्हा चांदी काळीठिक्कर.

----

निळीशाई:

बाप रे, मुळ्याचा कीस! सोनारकी ताई, आजच लिहिते त्यांना. तुमचं वाचून धीर आला, नाहीतर मी रोज ड्रॉवर उघडून तो चट्टा बघत होते, जखमेवरची खपली बघतात तसं.

टवका, तुमची बाजू नवऱ्याने घेतलीय, आज त्याने तोच २८,००० चा कप काढून त्यात साके ओतली. लिव्हिंग नॅशनल ट्रेझरचं मात्र कुणी बोललंच नाही. परवा एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गॅलरीत तसल्या एकाचा चावान बघितला, किमतीतली शून्यं मोजताना दोनदा चुकले.

----

बंदतोंड:

ते मी घेतो. हा किताब कायद्यातून येतो. १९५० चा सांस्कृतिक ठेव्यांचा कायदा, १९५४ मध्ये त्यात बदल झाला आणि १९५५ पासून माणसं निवडायला लागले, पहिल्याच यादीत हमादा. सरकारी भाषेत तो माणूस एका तंत्राचा धारक असतो, त्याला वर्षाला २० लाख येन मिळतात आणि त्यातून त्याने ते तंत्र पुढच्यांना शिकवायचं, कौशल्य वाढवायचं ही अपेक्षा. म्हणजे तो गौरव तंत्र टिकवण्याचा आहे, त्याच्या हातून निघालेला प्रत्येक वाडगा थोर असं कुणीही म्हटलेलं नाही. बाजार मात्र तसंच धरून चालतो. वर भट्टीकरांनी कावाई कांजिरोचं नाव घेतलं, त्याने हा किताब नाकारला होता, पण त्याच्या भांड्यांना मागणी काही कमी झाली नाही.

माझा सल्ला, पहिली पाच वर्षं तरी नावासाठी एक येनही जास्त देऊ नका. गॅलरीतली किंमत आणि तीच वस्तू तुम्ही विकायला काढलीत तर मिळणारी किंमत यात केवढी दरी असते ते एकदा जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन बघा, पुन्हा गुंतवणूक हा शब्द तोंडातून निघणार नाही. मी विकून बघितलंय. निम्मेही आले नाहीत.

आणि मंडळी, तुमची सगळी चर्चा कप आणि वाडग्यातच फिरतेय. भांड्याला तोंड असायलाच हवं का? १९४८ मध्ये क्योतोत यागी काझुओ, सुझुकी ओसामु, यामादा हिकारु वगैरे तरुणांनी सोदेइशा नावाचा गट काढला. १९५४ मध्ये यागीने चाकावर मातीचं कडं फिरवलं, त्याला चाकावरच काढलेल्या आखूड नळ्या चिकटवल्या आणि ते उभं केलं. ना पाणी राहील ना फूल. चाक तेच, भट्टी तीच, फक्त वापर काढून टाकला. आज जपानी सिरॅमिक्समध्ये जे धाडसी काम दिसतं त्याची बरीचशी वाट तिथून निघते. बायकांचंही तसंच, भट्टीजवळ त्यांना येऊ न देण्याची रीत कितीतरी ठिकाणी होती, १९५७ मध्ये त्सुबोई आसुकाने क्योतोत बायकांचा वेगळा गट उभा केला. २०२३ मध्ये लोएवे या स्पॅनिश फॅशन कंपनीचं क्राफ्ट प्राइझ मिळालं ते इनाझाकी एरिकोला, पांढऱ्या मातीचे बारीक बारीक कण एकावर एक लावत वाढवलेली वस्तू, जवळून बघताना आपण श्वास धरून ठेवतो की पडेल काहीतरी.

विकत घ्यायच्या आधी बघा, आणि भरपूर बघा. तोक्योत तोरानोमोनला ‘मुझे तोमो’ नावाचं म्युझियम आहे, आजच्या सिरॅमिक्ससाठीच. माशिकोला पुन्हा जाल तेव्हा जवळच कासामाला इबाराकीचं सिरॅमिक आर्ट म्युझियम, तेही करा. ताजिमीला आधुनिक सिरॅमिक्सचं आहे. आणि दोन दिवस काढता आले तर कानाझावा, राष्ट्रीय क्राफ्ट म्युझियम २०२० मध्ये तोक्योहून तिकडे गेलं, तिथे धातू, लाख, माती सगळं एका छताखाली दिसतं, तुमच्या ब्रोचचे मामे-मावस भाऊ भेटतील.

----

भट्टीकर:

बंदतोंड, तुमची ती तोंड नसलेली वस्तू माझ्या घरात ठेवायला जागा नाही म्हणून मी कपवाला राहिलो, तत्त्व वगैरे काही नाही. गुइनोमीचा मोठा फायदा हाच, तीस कप एका शेल्फवर मावतात.

शेल्फवरून आठवलं, निळीशाई, भूकंपाचं बघितलंय ना? काचेच्या कपाटांच्या दारांना कुलूप किंवा कडी, उंच वस्तूंखाली पारदर्शक चिकट जेलचे ठिपके (म्युझियममध्ये वापरतात तसलं मिळतं), आणि जड ते खाली. मार्च २०११ मध्ये माशिकोत भट्ट्याच्या भट्ट्या कोसळल्या, हमादाची चढती (उतारावर बांधलेली) भट्टीसुद्धा, ती पुढे लोकांनी जमून पुन्हा उभी केली. आणि खरं सांगू का, भूकंपात टिकतं ते डब्यातलं. टवका, आता बोला.

----

टवका:

बोलतो. रात्री डब्यात, दिवसा हातात. तह?

----

निळीशाई:

अपडेट द्यायला आले. ब्रोचवाल्या बाईंचं उत्तर आलं, दोन ओळींत माफी मागितली होती मी, त्यांनी उलट माफी मागितली की पुसू नका हे कार्डावर लिहायला हवं होतं. पाठवा म्हणाल्या, पुन्हा रंग चढवून देतील, दीड-दोन महिने लागतील, पैसे वस्तू बघून सांगतील. चांदीची चंद्रकोरही त्या साफ करणार आहेत.

बिझेनचा कप आता नवऱ्याचा झालाय, रोज बाहेर असतो. त्याच्या डब्यात मी सुया आणि दोऱ्याची रिळं ठेवलीत, झाकण छान घट्ट बसतं.

----

भट्टीकर:

दोरे! अहो त्या झाकणाचा आणि शिक्क्याचा फोटो टाका इथे. डबा जर खरा असेल तर त्याचा हिदासुकीचा कप कुणाकडे तरी डब्याशिवाय पडलेला असणार.

----

निळीशाई:

अगंबाई. काढते रिळं.